पोतंभर दगडांची साक्षांकित प्रत

साडूच्या घरातल्या काचेच्या कपाटात दिवा लागला आणि त्याच क्षणी फाइलकाकांच्या पोटात दुखायला लागलं.

तसं त्यांच्या पोटाला दुखायला फार मोठं कारण लागत नसे. साडूने नवा पंखा घेतला, दुखलं. साडूच्या नळाला दोन्ही वेळा पाणी आलं, दुखलं. आणि फाइलकाका स्वतःच पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला असल्यामुळे हे दुखणं जरा जास्तच खोल गेलं. साडूचे केस अजून काळेभोर आहेत हे तर जुनाट दुखणं, त्यावर औषधच नव्हतं. पण आजची कळ वेगळी होती. आज साडूने थेट दगडांना हात घातला होता!

आता दगड ही आपली खासगी मालमत्ता आहे असं फाइलकाका कधी तोंडाने म्हणाले नव्हते. पण जगाने आपलं समजून घ्यायला नको का? कार्यालयातल्या रेकॉर्ड रूमचे ते प्रमुख. रेकॉर्ड रूम म्हणजे जिथे फायली जातात आणि पुन्हा कोणाला दिसत नाहीत ती खोली. आठवडाभर तिथली धूळ खाल्ली, की सुटीच्या दिवशी ते मोकळ्या हवेतली धूळ खायला बाहेर पडत. नदीकाठ, टेकडी, जुन्या खाणीचे खड्डे. जाताना खिसे रिकामे आणि येताना पँट घसरलेली. लग्न झाल्यावर काकूंनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर त्यांच्या प्रत्येक पँटच्या खिशांना दुहेरी शिवण घातली. दगड मग घरभर पसरले. बाल्कनीतल्या बादल्यांत, चपलांच्या खोक्यांत, पलंगाखाली, आणि वारा सुटला की दार अडवायला.

"हा बघा साडूभाऊ, अकीक," साडू म्हणाला. "आणि ही जांभळी गारगोटी. हिला खालून दिवा सोडलाय. आतून पेटल्यासारखी दिसते की नाही?"

दिसत होती. तेच तर दुखत होतं. प्रत्येक दगडाखाली निळं मखमल, प्रत्येकापुढे छापील चिठ्ठी, आणि चिठ्ठ्या सगळ्या एका रेषेत, जणू परेडला उभ्या केल्यात.

"अगं बाई, किती नीटनेटकं!" काकू म्हणाल्या. साडू म्हणजे काकूंच्या ताईचा नवरा, आणि या भाऊजींचं कौतुक करताना काकूंचा आवाज एक पट्टी वर जाई. "नाहीतर आमच्याकडे! परवा पिठाच्या डब्यात एक निघाला."

"तो नमुना होता," फाइलकाका म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

"वाचनालयात अर्ज केलाय," साडू सहज बोलावं तसं बोलला. "वाचनकक्षाच्या दाराशी ती काचपेटी आहे ना, दर खेपेला एकाच नागरिकाचा संग्रह ठेवतात. मागे काड्यापेट्या होत्या. म्हटलं, आता दगड होऊन जाऊ देत."

फाइलकाकांच्या हातातला चहा कपातल्या कपात थांबला.

ती काचपेटी! गेली कित्येक वर्षं पुस्तक बदलायला गेलं की फाइलकाका त्या पेटीसमोर रेंगाळत. आत काड्यापेट्या असोत, बाहुल्या असोत, कुलपं असोत, त्यांना तिथे आपलेच दगड दिसत. मधोमध कुठला, कोपऱ्यात कुठला, सगळं मनात मांडून ठेवलेलं. अर्ज तेवढा केला नव्हता. कारण अर्ज करायचा म्हणजे आपल्याला हवंय हे मान्य करायचं. आणि आता तिथे साडूचे दगड बसणार, आणि त्यांच्यासमोर उभं राहून काकू एक पट्टी वर म्हणणार, किती नीटनेटकं!

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच फाइलकाका पायरीवर हजर होते.

"संग्रह आहे? बरं. सूची आहे?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या आणि मान वर करत नव्हत्या.

"सूची माझ्या डोक्यात आहे."

"डोकं पेटीत ठेवता येत नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक हवा. काय आहे, कुठे मिळाली, कशी मिळाली, ते हवं. आणि सूचीवर तालुका कचेरीतल्या मोठ्या साहेबांचा सही-शिक्का, साक्षांकित. कागद नसेल तर दगड तो दगडच, बाहेर रस्त्यावरही पडलेत."

हा घाव वर्मी बसला. कारण कागद नसेल तर काहीच नाही, हे वाक्य रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून आजवर फाइलकाकांनी लोकांना ऐकवलं होतं. ते आपल्या अंगावर आल्यावर कसं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आणखी एक अर्ज आलाय," बाई शिक्का मारत म्हणाल्या. "त्यांची सूची छापील आहे. छान आहे."

छान आहे! त्या संध्याकाळी फाइलकाकांनी घरातले सगळे दगड बाहेर काढून दिवाणखान्यात पसरले. दिवाणखाना संपला, दगड संपले नाहीत. शेवटी पेटीत मावतील तेवढे निवडले.

क्रमांक टाकायचा कसा, हे त्यांच्या शाळकरी मुलीने सांगितलं. "बाबा, सोप्पं आहे! आधी व्हाइटनरचा छोटा ठिपका. वाळला की त्यावर काळ्या शाईने नंबर. आणि वर नेलपॉलिशचा हात, म्हणजे नंबर पुसला जाणार नाही. म्युझियममध्येसुद्धा असंच करतात."

"बिनरंगाचं नेलपॉलिश आहे का घरात?"

"आहे ना माझ्याकडे!"

ते बिनरंगाचं होतं खरं, पण त्यात चमकी होती, हे अर्धे दगड उरकल्यावर लक्षात आलं. लाखो वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या पोटातून निघालेले काळेकभिन्न दगड लग्नाला निघाल्यासारखे चमचमायला लागले. फाइलकाकांनी कपाळाला हात लावला. कपाळही चमकायला लागलं.

एव्हाना दार उघडं बघून शेजारी आलेच. शेजाऱ्यांना अशा वेळी कोणी बोलवावं लागत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त कॅशियर राहायचे. त्यांनी चष्मा पुसून सगळा पसारा पाहिला आणि म्हणाले, "वजन लिहिलंत का? नाही? उद्या कोणी अर्धा फोडून नेला तर कळणार कसं?"

"दगड अर्धा फोडून कोण नेईल?"

"फाइलकाका, मी आयुष्य काउंटरमागे काढलंय. माणसं काय वाटेल ते नेतात."

शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी टेप गळ्यात घालूनच आल्या होत्या. "वजनाचं काय घेऊन बसलात? माप घ्या, माप! दगडाला कंबर असते," असं म्हणून त्यांनी खरोखरच एकेका दगडाची कंबर मोजायला सुरुवात केली, आणि सवयीने प्रत्येक मापात बोटभर सैल धरलं. त्यामुळे फाइलकाकांच्या सूचीतले सगळे दगड आजही खऱ्यापेक्षा थोडे जाडे आहेत.

आणि या सगळ्या गडबडीत काकूंनी, धूळ नको म्हणून, नंबर टाकायचे राहिलेले दगड बादलीत भिजत घातले. काकूंचा हेतू चांगलाच होता. पण त्यात एक दगड मिठाचा होता. नोकरीच्या सुरुवातीला खाणीच्या गावी बदली झाली असताना फाइलकाकांनी स्वतः फोडून आणलेला, गुलाबी, पारदर्शक, आतून ढग दिसणारा मिठाचा दगड! त्यांनी बादलीत हात घातला, दोन्ही हात घातले, शेवटी पाणी बोटावर घेऊन चाखलं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"खारट आहे," फाइलकाका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पण नोंद ती नोंद! वहीत क्रमांक दिला गेला होता, खोडाखोड करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘बादलीत विरघळला’, आणि तारीख घालून सही केली.

बाकी सूची मात्र त्यांनी अशी लिहिली, की साडूच्या छापील चिठ्ठीने लाजून उलटं पडावं. साडूच्या चिठ्ठीवर नुसतं ‘अकीक’. फाइलकाकांच्या वहीत दगड कुठे मिळाला, कुठल्या झाडापासून किती पावलांवर, ऊन होतं की पाऊस, सोबत कोण होतं, सगळं. शिवाय प्रत्येक जागेचा छोटा नकाशा, बाण काढून. लिहिता लिहिता ते मधेच थांबत आणि "बघतोच आता!" म्हणत. काय बघणार ते सगळ्या घराला माहीत होतं.

सूची संपली तेव्हा कॅशियरांनी नवा प्रश्न काढला. "दुसरी प्रत कुठे ठेवणार?"

"का? घरातच."

"घरातच? दगड घरात, वही घरात, प्रतही घरात? आग लागली तर?"

फाइलकाकांचा चेहरा उतरला. कारण हे त्यांचंच शास्त्र होतं. एका वर्षी कार्यालयाच्या छतावरची टाकी फुटली आणि पाणीपुरवठ्याचं सगळं रेकॉर्ड पाण्यात गेलं, तेव्हापासून ‘प्रत दुसऱ्या इमारतीत’ असा फलक त्यांनीच भिंतीवर लावला होता.

"ताईकडे ठेवू की," काकू म्हणाल्या. "भाऊजींचं लोखंडी कपाट आहे. आगसुद्धा काही करत नाही त्याला."

"मरेन, पण तिथे ठेवणार नाही."

"मरा, पण आधी प्रत काढा," काकू म्हणाल्या.

शेवटी मुलीने सगळी वही फोटोकॉपी करून आणली, फाइलकाकांनी ती जाड लिफाफ्यात घालून लाखेचा शिक्का मारला, वर ‘गोपनीय’ लिहिलं, खाली ‘अत्यंत’ जोडलं, आणि काकू लिफाफा घेऊन ताईकडे गेल्या. साडूने तो कपाटात ठेवला, आणि पोचपावती दिली. छापील. फाइलकाकांनी ती पावती पाहिली आणि त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले.

आता उरली साक्षांकित करण्याची गोष्ट. मोठ्या साहेबांच्या कचेरीतला कारकून सरळ होता. "साहेब मूळ वस्तू बघितल्याशिवाय सही करत नाहीत. प्रमाणपत्राची नक्कल असेल तर मूळ प्रमाणपत्र आणायचं. दगडांची यादी असेल तर..."

"दगड आणायचे?"

"मी काय सांगणार? नियम मी केला नाही."

दुसरा कोणी असता तर हसून घरी गेला असता. पण फाइलकाका रेकॉर्डवाले होते. मूळ कागद घेऊन या असं सांगून त्यांनी किती जणांना परत पाठवलं असेल, आणि ती माणसं निमूट मूळ कागद घेऊन आलीच होती ना? तेव्हा ते निमूट घरी आले, एक भक्कम पोतं घेतलं, प्रत्येक दगड कागदात गुंडाळून आत भरला, आणि सकाळी रिक्षा केली. रिक्षावाल्याने पोतं ठेवताना विचारलं, "काय आहे हो, माणूस?" हा त्या दिवशीचा पहिला अपमान.

त्याच दिवशी कचेरीवर मोर्चा होता.

नळाला पाणी येत नाही म्हणून निम्मं गाव रिकामे हंडे वाजवत फाटकाबाहेर उभं होतं. फाटकावर दुप्पट पहारा. आणि त्या गर्दीतून, घामाघूम, चष्मा नाकावर घसरलेला, पोतं ओढत ओढत फाइलकाका पुढे येत होते.

"पोत्यात काय?" पहारेकऱ्याने काठी आडवी धरली.

"दगड," फाइलकाका म्हणाले. खरं बोलल्याचा इतका जलद पश्चात्ताप फार कमी लोकांना झाला असेल.

"कशाला आणलेत?"

"मोठ्या साहेबांना दाखवायला."

पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. आणखी दोघे धावत आले. एकाने पोत्यात हात घालून दगड काढला, कागद सोडून उलटासुलटा केला. "ह्याच्यावर नंबर आहे."

"सगळ्यांवर आहे," फाइलकाका जरा अभिमानानेच म्हणाले.

"म्हणजे कुठला कोणाला मारायचा तेपण ठरलंय?"

"अहो, भलतंच काय! माझ्याकडे यादी आहे ना सगळ्याची, हे बघा!" आणि त्यांनी आपल्या हाताने वही पुढे केली.

"यादी!" पहारेकरी हरखून गेला. त्याने मोठ्याने वाचलं, "‘नदीचं वळण, पडक्या पुलाच्या अलीकडे. टेकडीमागचा उतार. खाणीचा खड्डा.’ अरे, साठे कुठे कुठे केलेत ते सगळं लिहिलंय. नकाशे काढलेत!"

"साठे नाहीत हो, सापडलेत तिथे!"

"आणि ही चमकी कशाला?"

"ते माझ्या मुलीचं नेलपॉलिश."

"मुलगी पण सामील," पहारेकऱ्याने आपल्या वहीत टिपून घेतलं. "नोकरी कुठे?"

फाइलकाकांनी ओळखपत्र दाखवलं. पहारेकऱ्याने ते वाचलं, बाहेरच्या हंड्यांचा आवाज ऐकला, पुन्हा वाचलं. "पाणीपुरवठा? लोक पाण्यासाठी ओरडतायत आणि तुम्ही त्यांना दगड पुरवताय?"

फाइलकाकांना सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत बसवण्यात आलं. पोतं जप्त झालं. पावती मिळाली, त्यावर लिहिलं होतं, ‘दगड, लहानमोठे, एक पोतं’.

इथे मात्र त्यांचा बांध फुटला. "लहानमोठे म्हणजे काय? त्यात अभ्रक आहे, चुनखडीत अडकलेला शिंपला आहे, नदीतला हिरवा अकीक आहे! लहानमोठे काय लहानमोठे!"

सुरक्षा अधिकारी मवाळ माणूस होता. "शांत व्हा काका. तुम्ही दंगेखोर दिसत नाही, हे मलाही दिसतंय. पण दगड परत द्यायचे तर ते तुमच्या वहीशी ताडून बघावे लागतील."

"मग बघा ना!"

"वही पुरावा म्हणून सील झाली. चौकशी झाल्याशिवाय उघडता येत नाही."

"मग चौकशी करा."

"दगड ताडून बघितले की लगेच."

फाइलकाकांनी कान टवकारले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हा त्यांचाच आवाज होता, फक्त खिडकीच्या दुसऱ्या बाजूने येत होता.

"वहीची दुसरी प्रत आहे का कुठे?" अधिकाऱ्याने विचारलं. "असेल तर आत्ता मोकळं करतो. पण ती प्रत ज्याच्या ताब्यात आहे, त्याने स्वतः येऊन वाचायची आणि दगड ओळखायचे. मालकाने ओळखून चालत नाही."

"आहे," फाइलकाका म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"कोणाकडे?"

"साडूकडे." दाढ उपटावी तसा तो शब्द बाहेर आला.

साडू आला. इस्त्रीचा शर्ट, भांग जागच्या जागी, हातात लिफाफा, खिशात भिंग. मागोमाग काकूही. कचेरीच्या अंगणात सतरंजी पसरली गेली, पोतं उपडं झालं आणि साडूने लाखेचा शिक्का सगळ्यांना दाखवून मगच फोडला. बाहेरचा मोर्चाही हंडे वाजवून दमला होता. गजांना नाकं लावून तो बघत उभा राहिला.

फाइलकाका बाकावर बसून साडूचं तोंड निरखत होते. आता हसेल. आता टोमणा मारेल. आता म्हणेल, साडूभाऊ, चमकी छान आहे.

साडू वाचायला लागला. "‘गारगोटी. टेकडीमागचा उतार, बोरीच्या झुडपाखाली. नुकताच पाऊस थांबलेला. सोबत पत्नी. तिची चप्पल तुटल्याने परतीला आपली दिली.’" त्याने सतरंजीवरून गारगोटी उचलली, बाजूला ठेवली.

"ते लिहिलंय होय तुम्ही?" काकू हळूच म्हणाल्या. फाइलकाकांनी बूट निरखले.

"‘मिठाचा दगड. शेरा: बादलीत विरघळला.’"

"म्हणजे एक कमी," पहारेकरी ताठ झाला. "कुठे फेकला तो?"

"माझी बादली होती," काकू पुढे झाल्या. "मला विचारा काय विचारायचं ते." पहारेकऱ्याने पाऊल मागे घेतलं.

"‘शिंपला अडकलेली चुनखडी. खाणीचा खड्डा. मुलगी खांद्यावर. तिनेच आधी पाहिली.’" साडू वाचत गेला. सुरुवातीला त्याचा आवाज भाषणाला उभं राहिल्यासारखा होता. मग तो खाली आला. मग तो मधेच थांबायला लागला. शेवटी त्याने एक हिरवा अकीक तळहातावर धरला, भिंगही न लावता नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "साडूभाऊ, हे सगळे तुम्ही स्वतः वेचलेत?"

"मग? आणखी कोण वेचणार?"

"नाही, म्हणजे..." साडूने अकीक खाली ठेवला. "माझे सगळे दुकानातले आहेत."

फाइलकाकांनी पाहिलं. त्यांनी डोळे भरून पाहिलं! साडूच्या गुळगुळीत चेहऱ्यावर, डाव्या गालाच्या वर, ती बारीकशी ओढ आली होती. रोज सकाळी दाढी करताना आरशात बघून बघून ती त्यांना पाठ होती. साडूच्या पोटात दुखत होतं! फाइलकाकांना एकदम बाहेरच्या मोर्च्याला पाणी पाजावंसं वाटलं.

पुढचं सगळं तेल घातल्यासारखं सरकलं. अंगणात गर्दी का म्हणून मोठे साहेब स्वतःच खाली आले, दगड बघितले, शिंपल्यापाशी दोनदा वाकले, आणि तिथल्या तिथे वही सोडवून तिच्यावर सही-शिक्का दिला. वाचनालयात ग्रंथपालबाईंनी दोन्ही सूच्या समोरासमोर ठेवल्या. एकीत ‘कुठे मिळाला’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकाच दुकानाचं नाव होतं. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाल्या, "तुमचे आणा."

काचपेटीत दगड लागले. चमकीमुळे तर वेगळा दिवा सोडायचीही गरज पडली नाही. सगळी वसाहत येऊन गेली. कॅशियरांनी पेटीला कुलूप आहे ना ते ओढून पाहिलं. वहिनींनी "सैल बसलेत, पण छान बसलेत," असा शेरा दिला. आणि काकू पेटीसमोर उभ्या राहून एक पट्टी वर म्हणाल्या, "किती नीटनेटकं!" फाइलकाकांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं, म्हणजे पुन्हा म्हणावं लागेल.

साडू रोज यायचा. रोज! पेटीला नाक लावून उभा राहायचा, पेटीशेजारी उघडून ठेवलेली वही चाळायचा, काहीतरी टिपून घ्यायचा आणि न बोलता निघून जायचा. ताईने फोनवर सांगितलं, की हल्ली ते घरातल्या कपाटाचा दिवा लावतच नाहीत. फाइलकाकांनी त्या दिवशी पुन्हा वाढून घेतलं.

"वाचकांना वही फार आवडते," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "विशेषतः नकाशे. मी सगळ्यांना उतरवून घेऊ देते. नाहीतर नोंद ठेवायची कशाला?"

"अगदी बरोबर!" फाइलकाका छाती काढून म्हणाले. आणि त्यांचं सगळं आयुष्य रेकॉर्ड रूममध्ये गेलेलं असल्यामुळे, म्हणजे लिहिलेलं कोणी वाचायला आलंय हा अनुभवच नसल्यामुळे, या वाक्यात आपल्यासाठी काय वाढून ठेवलंय ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सुटीच्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी नदीवर निघाले. सोबत काकू, कौतुक अजून ओलं होतं म्हणून. नदीचं वळण, पडक्या पुलाच्या अलीकडे. ही त्यांची सगळ्यात लाडकी, सगळ्यात गुप्त जागा. हिरवा अकीक इथलाच. इथे पाण्याचा आवाज आणि आपण, बाकी कोणी नाही.

वळण आलं आणि फाइलकाका जागीच थिजले.

काठावर जत्रा लोटली होती! कॅशियर वजनकाटा घेऊन बसले होते. शिवणकामवाल्या वहिनी एका मोठ्या धोंड्याची कंबर मोजत होत्या. अनोळखी माणसं, त्यांची पोरं, त्यांचे डबे. आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कागद, त्यावर फाइलकाकांच्या हातचा नकाशा, बाणासकट. आणि बरोबर बाणाच्या टोकाशी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, भांग विस्कटलेला, तोंडभर हसत साडू!

"या, या साडूभाऊ! या बाजूला या, मी तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय."

स्वतःच्या नदीवर फाइलकाका पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. साडू मात्र लहान मुलासारखा उड्या मारत होता. "काय सांगू, इतकी वर्षं दुकानातून आणले, पण ही मजाच वेगळी! तुमची वही वाचली आणि झोपच उडाली माझी. हा बघा, आत्ताच मिळाला. पहिलाच! हा कसला?"

त्याने ओला हात पुढे केला. तळहातावर एक दगड होता. मधासारखा रंग, आत पांढऱ्या रेघांची वर्तुळं, एकात एक, एकात एक, आणि मधोमध थेंबभर पाणी अडकून हलणारं. असा दगड फाइलकाकांनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. आयुष्यभर खिसे फाडून जो मिळाला नाही, तो या माणसाला पहिल्याच सकाळी मिळाला होता!

साडू वाट बघत होता. काकूही बघत होत्या. फाइलकाकांच्या पोटात ती जुनी कळ उठली, आणि त्या कळीनेच त्यांच्याकडून बोलून घेतलं,

"हा? हा साधा. असे पुष्कळ असतात. टाकून द्या."

आपल्या मनाशी त्यांचा हिशेब पक्का होता. साडू तो पायाशी टाकेल. आपण खूण लक्षात ठेवू. मग जरा वेळाने, चप्पल नीट करायच्या निमित्ताने...

"असं होय," साडू म्हणाला. साडूभाऊंच्या शब्दावर आता त्याचा पूर्ण विश्वास होता. त्याने हात मागे नेला, सगळा जोर लावला आणि दगड नदीच्या ऐन मध्यात भिरकावून दिला. दगड पाण्यावर एकदा टप्पा घेऊन उडाला, उन्हात मधासारखा चमकला आणि डुबुक झाला.

"वा!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

फाइलकाका उठले. त्यांनी चपला काढल्या, पँट न दुमडताच पाण्यात शिरले, आणि मध्याच्या दिशेने चालायला लागले.

"अहो!" काकू काठावरून ओरडल्या. "काय झालं? काय पडलं तुमचं?"

"काही नाही," फाइलकाका मान न वळवता म्हणाले. पाणी त्यांच्या दुहेरी शिवणीच्या खिशांच्या वर चढलं होतं. "पाय धुतोय."